उजेडाची चिठ्ठी

नीट समजावून सांगून माणसाला पुरतं गोंधळात टाकण्याची विद्या ज्यांना साधली आहे, अशा मंडळींत आमच्या साडूंचा नंबर पेणपासून रोह्यापर्यंत तरी पहिला लागेल. त्यापलीकडचं मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण त्यापलीकडे मी फारसा गेलेलोच नाही. काही माणसांचं बोलणं मुळातच तिरपागडं असतं, त्यांचं सोडा. साडूंचं तसं नाही. ते अगदी सावकाश बोलतात, सोपे शब्द वापरतात, मध्येमध्ये थांबून "इथपर्यंत कळलं ना?" असं विचारतात. आपण मान डोलावतो, त्यांना बरं वाटतं, त्यांना बरं वाटलं म्हणून आपल्यालाही बरं वाटतं, आणि ते उठून गेले की पाच मिनिटांनी आपल्याला एवढंच आठवतं की कशाला तरी कसला तरी दिवा लावायचा आहे. नव्वदच्या दशकातली बहुतेक वर्षं मी हा दिवा ऐकत काढली. मी तेव्हा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत डिस्पॅच खात्यात होतो, बिऱ्हाड पुलापलीकडे अष्टमीला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी मुंबईत, एका मोठ्या संशोधन संस्थेत. पण मूळचे पेणचे, गणपतीच्या कारखान्यातले. शाडूतून निघालेले साडू, असं माझी बायको म्हणते, आणि स्वतःच हसते.

माझं लग्न झाल्यावर ते पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा "आपण नक्की काय करता?" असं मी विचारलं. ही माझी चूक. त्यांनी भाताची मूद बोटाने सारखी केली आणि म्हणाले, "साडूभाऊ, हा भात म्हणजे एक पेशी समजा. आणि हे वालाचं बिरडं. यातला एकेक वाल म्हणजे एकेक प्रथिन. पेशीत प्रत्येक प्रथिनाची जागा ठरलेली असते. कुणी कडेला जायचं, कुणी मध्ये बसायचं. पण दिसतात सगळी सारखीच. मग आपला वाल कुठे गेला हे आपल्याला कळणार कसं?" मी म्हटलं, "कसं?" ते म्हणाले, "त्याला दिवा लावायचा!" आणि त्या आनंदात त्यांनी भात कालवला आणि जेवायला लागले. मी सगळं मनापासून ऐकत होतो, म्हणून विचारलं, "आणि तो वाल?" "कुठला?" "दिव्याचा." त्यांनी ताटात इकडेतिकडे पाहिलं आणि फार अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "खाल्ला वाटतं." माझ्या बायकोने त्यांना आणखी बिरडं वाढलं, कारण तिला वाटलं की त्यांना तेच हवं आहे.

पुढे हात धुताना माझ्या डोक्यात थोडा प्रकाश पडला. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही लेबलं लावता." ते एकदम खूश झाले. "अगदी बरोबर! परदेशातही सगळे त्याला लेबलच म्हणतात." आता मला गंमत वाटायला लागली, कारण कंपनीत माझंही काम तेच होतं. ड्रमवर लेबलं चिकटवायची. मालाचं नाव, वजन, कुठे जाणार, सगळं दर्शनी बाजूला, लांबून वाचता येईल असं. एवढे शिकलेले साडू आणि आपण एकाच धंद्यात, हे कळल्यावर मी त्यांना बंधुभावाने सांगितलं की पावसाळ्यात खळीत चिमूटभर मोरचूद टाकावं, बुरशी धरत नाही. त्यांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. माझी थट्टा म्हणून नव्हे. दुसऱ्याने सांगितलेलं कधी, कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. ते खरं निघणार आहे हे तेव्हा मला काय ठाऊक!

त्यांचा दुसरा बाणा म्हणजे, समजावणं अर्धं सोडायचं नाही. एकदा ते पेणहून दिवा-रोहा पॅसेंजरने आमच्याकडे यायचे होते. मी रोहा स्टेशनवर उभा. गाडी आली, माणसं उतरली, साडू नाहीत. जेवायची वेळ टळून गेल्यावर धुळीने माखलेले साडू चालत दारात हजर! झालं होतं असं की, गाडीत समोर एक शेतकरी बसला होता. त्याने सहज विचारलं, "साहेब, काम काय करता?" साडूंनी नागोठण्यापासून सांगायला सुरुवात केली. निडी आलं तेव्हा प्रथिन नुकतंच तयार झालं होतं, अजून निघायचं होतं. तो बिचारा निडीला उतरला, तर साडू त्याच्या मागोमाग उतरले. त्याच्या खळ्यावर बसून त्यांनी प्रथिन ठरल्या जागी पोचवलं, त्याच्याकडे ताक प्यायले, आणि मग रोह्याची वाट धरली. "त्याला कळलं का पण?" माझ्या बायकोने विचारलं. "छान कळलं त्याला," साडू म्हणाले. "तो म्हणाला, आता पुरे."

आणि त्यांच्या पिशवीतला तो दिवा! तळहाताएवढा, जांभळट उजेडाचा. घरात पाऊल टाकलं की खिडक्या लावून घ्यायचे आणि कशावर तरी तो उजेड पाडून काय चमकतं ते बघत बसायचे. धुण्याच्या पावडरीतले कपडे चमकतात, हे आमच्या घरात पोराबाळांना पाठ झालं होतं. पण आमच्या नात्यातल्या एका साखरपुड्यात कहर झाला. ऐन कार्यक्रमात वीज गेली. लोक मेणबत्त्या शोधतायत, तोवर साडूंनी पिशवीतून दिवा काढला. झालं, मंडळींचे सदरे निळे झगमगायला लागले, सगळे हसायला लागले, आणि हसता हसता दिसलं की बाकी सगळ्यांचे दात चमकतायत, पण नवऱ्यामुलाच्या वरच्या ओळीत मधले दोन काळेठिक्कर. साडूंनी लगेच मोठ्या आवाजात सगळ्यांना समजावून सांगितलं की खरे दात चमकतात, बसवलेले चमकत नाहीत, यात घाबरण्यासारखं काही नाही. मुलीच्या बापाने तिथल्या तिथे अंगठी परत खिशात घातली. ते लग्न जुळवून आणायला मला पुढे चार खेपा घालाव्या लागल्या. साडूंना विचाराल तर अजूनही म्हणतील, "पण मी बरोबरच सांगितलं होतं."

आता वालाला लावायचा तो उजेड कुठून येतो, हे मी एकदा विचारलंच. तर म्हणाले, समुद्रातल्या एका जेलीफिशच्या अंगातून. आपल्या कोळ्यांच्या जाळ्यात येऊन पसाभर शिव्या खातो तो लिबलिबीत गोळा, त्याचाच कुठला तरी परदेशी भाऊबंद. त्याच्या अंगात एक प्रथिन असतं, त्यावर निळा उजेड टाकला की ते हिरवं चमकतं. "पण साडूभाऊ, ते प्रथिन काढून चिकटवायचं नाही हां. त्याची कृती काढायची, आणि आपल्या वालाच्या कृतीला जोडून द्यायची. मग पेशी आपला वाल दिव्यासकटच शिजवते. तिला मारायला नको, बाहेरून रंग ओतायला नको. ती जिवंत असते आणि आपण बघत बसतो." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला 'कळलं नाही' म्हणायची लाज वाटायची. दुसऱ्या दिवशी ते अष्टमीच्या बाजारात गेले आणि एका कोळणीच्या पाटीत तसला गोळा दिसल्यावर तो मागायला लागले. ती म्हणाली, "ह्यो नाय खायाचा, भाऊ. अंगाला लागला तं खाज उठंल." साडू म्हणाले, "खायचा नाहीये हो मावशी. आभार मानायचेत त्याचे." ती शेजारणीला म्हणाली, "बघ गो, येवढा शिकलेला दिसतो, आन बायकोनं एकट्याला बाजारात धाडलाय!"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मध्ये आप्पा होते. आप्पा म्हणजे साडूंचे वडील. पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली. माती मळणारे, साचे भरणारे, रंग देणारे हात हजारो असतील. पण मूर्तीचे डोळे काढणं, ज्याला तिकडे आखणी म्हणतात, ते सगळ्यांना जमत नाही. आप्पांची आखणी अशी की मूर्ती तुमच्याकडेच बघतेय असं दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला वाटावं. आणि लोक सांगतात, की त्यांच्यानंतर तसा हात फक्त साडूंचा. मिसरूड फुटायच्या आत ते आप्पांच्या शेजारी बसून डोळे काढायचे. असा मुलगा हातातली कुंचली ठेवून मुंबईला पेशी बघायला जातो, हे आप्पांना कधी पचलं नाही. भांडले नाहीत ते. फक्त दरवर्षी विचारायचे, "तिकडं काय उजेड पाडतोस, तो दाखव एकदाचा."

एकदा साडूंनी त्यांनाही ते कृतीचं सांगितलं. आप्पा नीट ऐकून म्हणाले, "म्हंजे रंग वरनं नाय द्यायचा. मातीतच कालवलेला." साडू उडालेच! "हो आप्पा, अगदी तेच!" मला जे चार वर्षांत कळलं नव्हतं ते आप्पांनी एका वाक्यात उरकलं होतं. वर म्हणाले, "मंग रंगाऱ्यानं काय करायचं? घरी बसायचं?" आणि पान जुळवायला लागले. तरीही दाखव म्हटल्यावर साडू काही दाखवत नसत. कारण खुद्द आप्पांचाच नियम. आखणी झाल्याशिवाय मूर्ती गिऱ्हाइकाला दाखवायची नाही. डोळ्यांवाचून देव बघितला की माणूस धसकतो, आणि मग पुढे किती का चांगले डोळे काढा, त्याच्या मनातून ती पहिली मूर्ती जात नाही. साडू म्हणायचे, "माझं काम अजून आखणीला आलं नाही, आप्पा." आप्पा म्हणायचे, "बरं." या दोन हट्टी माणसांच्या मध्ये बसून चहा पिणं म्हणजे शिक्षाच असायची.

अडलं कुठे होतं, तेही मला सांगितलं होतं. साडूंनी वालाला दिवा लावला, दिवा पेटलाही, पण वाल काही ठरल्या जागी जाईना. त्याने पेशीच्या कडेला जायचं, तर तो आपला नुसताच पेशीभर भटकत राही, एस्टी चुकलेल्या माणसासारखा. दिव्याशिवाय असला की बरोबर जायचा, दिवा लावला की बिघडायचा. म्हणजे बघायला गेलं की होत नाही, आणि होतं तेव्हा दिसत नाही. "मग नका बघू," मी म्हटलं. ते माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं मी काहीतरी फार मोठं बोललो. तसं नव्हतं. दोन वर्षं त्यात गेली होती.

आणि अशातच एका उन्हाळ्यात आप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढला असता. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली टिकेल तेवढी टिकवायची, आणि ती कडेकडेने मिटत येईल. आप्पांनी हे ऐकून घेतलं, बाहेर आले आणि साडूंना म्हणाले, "ताटाएवढं दिसतंय अजून. ताटलीएवढं व्हईल, मंग वाटीएवढं. वाटी हाय तवर काय ते दाखव." त्यानंतर साडू महिनाभर कुणाला काही समजावून सांगत नव्हते, यावरून काय ते समजा. माझी बायको म्हणाली, "भावोजी, नुसता तो हिरवा उजेड तर आज दाखवता येईल ना? जमलं नाही ते नका सांगू." साडू म्हणाले, "बिनडोळ्यांचा देव दाखवू आप्पांना?" कप्पाळ! बापाची नजर चालली आहे आणि हा मनुष्य बापाचाच नियम बापाला लावतोय. माझी चिडचिड व्हायची, पण कुणावर चिडावं तेही कळत नसे.

त्या वर्षीच्या हंगामात आप्पांना जपायला म्हणून साडू रजा काढून आखणीला बसले. मीही आठ दिवस रजा टाकून पेणला गेलो. आप्पांनी मला साधं काम दिलं. नोंदवलेल्या मूर्तींना गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या. साधं कसलं, हे तर माझं खास काम! मी रोह्याहून कंपनीतली खळ आणली होती, मोरचूद घातलेली. ड्रमवर एकदा लागली की ड्रम फुटेल, लेबल निघणार नाही. दर्शनी बाजूला, लांबून वाचता येईल अशी जागा मी शोधली, आणि ती मिळालीही. गणपतीचा आशीर्वादाचा उजवा हात. सपाट, मोकळा, गिऱ्हाइकाच्या बरोबर समोर. सकाळपासून दुपारपर्यंत मी सव्वाशे तळहातांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. रांगच्या रांग हातात नाव धरून उभी. मला फार समाधान वाटलं.

आप्पा आले, पहिल्या मूर्तीजवळ तोंड नेऊन बघितलं, आणि चिठ्ठी ओढली. चिठ्ठीबरोबर तळहाताचा रंग सोलून आला. आप्पा इतके कधी ओरडले नसतील. "आरं, चिठ्ठी नाव सांगायला हाय, हात बांधायला नाय! ज्या हातानं देव काम करतो त्याच हातावर चिटकवलीस? आता ह्यो आशीर्वाद देणार कशानं? चिठ्ठी मागं, पाटाला! आन चिटकवायची नाय. सुतळी बांधायची, सुतळी जरा लांब सोडायची, तिच्या टोकाला चिठ्ठी. मूर्तीला कळता नये चिठ्ठी हाय म्हणून!" मी मान खाली घालून उभा. आणि पलीकडे आखणीला बसलेले साडू उठले. हातात कुंचली, तोंडावर असा भाव की कुणीतरी हाक मारली आहे आणि कुठून ते कळत नाही. म्हणाले, "आप्पा, परत बोला." आप्पांना वाटलं मुलगा साडूभावाची बाजू घेतोय. ते आणखी जोरात परत बोलले. साडूंनी शेवटपर्यंत ऐकलं, "मागे, आणि सुतळी लांब," असं स्वतःशी म्हणाले, कुंचली कानावर अडकवली आणि चालते झाले. पेणच्या स्टँडवर समोर उभी होती ती एस्टी पकडली. ती निघाली अलिबागची. वडखळला उतरून उलटे आले आणि मग मुंबईला गेले. इकडे सव्वाशे गणपती, सोललेले हात, आणि निम्म्यांना डोळे नाहीत.

लोक म्हणाले, पोरगा ऐन हंगामात पळाला. एक डोळा मिटून, नाक मूर्तीला लागेल इतक्या जवळ जाऊन आप्पा आखणीला बसले. मी बाजूला दिवा धरून उभा राहिलो, कारण दुसरं काही करायला मला कुणी देईना. दुसऱ्या दिवशी दुपारी साडू परत आले, शर्टावर तोच रंग, कानावर तीच कुंचली. आप्पांच्या हातातून रंगाची वाटी घेतली आणि गप बसून गणेश चतुर्थीपर्यंत उरलेले सगळे डोळे काढले. मला मात्र बाजूला घेऊन समजावलंच. त्यांनी दिवा वालाच्या पुढच्या टोकाला जोडला होता, आणि कुठे जायचं तो पत्ताही नेमका त्याच टोकाला लिहिलेला असतो. दिव्याने पत्ताच झाकला होता. आता दिवा मागच्या टोकाला, आणि मध्ये थोडी मोकळी दोरी. "हे मला आधी सुचायला हवं होतं, साडूभाऊ. लोक करतात तसं. पण मी पुढेच धरून बसलो होतो." मी विचारलं, "मग झालं का?" "कृती नव्याने जोडायची, वाढवायची, तपासायची. महिने लागतील." "आणि आप्पा?" कानावरची कुंचली काढून ते परत आखणीकडे वळले.

दिवाळी झाली. मेहुणीचा फोन यायचा तो कोपऱ्यावरच्या पीसीओवर, आणि बायको धावत जाऊन विचारायची, "आप्पांचं किती?" ताटली. मग छोटी ताटली. माघी गणपतीच्या आधी पंधरा दिवस निरोप आला, वाटी. आणि दोनच दिवसांनी साडूंचा निरोप, "रविवारी पेणला या. तुमच्या कंपनीच्या लॅबमधला तो मोठा जांभळा दिवा मिळेल का? माझा लहान पडेल." मी तो दिवा रीतसर गेटपास करून, 'परत येणार' असं लिहून आणला. गेटवरच्या रखवालदाराने विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, "माझ्या साडूंच्या वडिलांना प्रथिन बघायचंय." त्याने पास दोनदा वाचला आणि मला जाऊ दिलं.

साडू एक डबा घेऊन आले होते. डब्यात डबा, त्यात आणखी एक डबा. आतलं जिवंत आहे, बाहेर सांडता कामा नये, साहेबांकडून लेखी परवानगी घेऊन आणलंय आणि आजच परत नेऊन नष्ट करायचंय, असं ते तीन वेळा म्हणाले. कारखान्यामागच्या रंगाच्या खोलीला आम्ही भर दुपारी ताडपत्र्या लावून अंधार केला. आधी साडूंनी दारातल्या उजेडात एक फोटो दाखवला. काळ्यावर एक हिरवं, बारीक कडं. "हा आपला वाल आप्पा, कडेला पोचला. तुमच्या सुतळीनं." आप्पांनी फोटो फिरवून फिरवून बघितला. "भाकरी हाय का ही?" "पेशी आहे." "बरं," आप्पा म्हणाले. मग साडूंनी ताडपत्री सोडली, डबा उघडला आणि म्हणाले, "आता आखणी बघा."

आत काचेची लहानशी झाकणाची बशी होती, वाटीच्या तोंडाएवढी. मी दिवा लावला. तिच्यात हिरवे डोळे उघडले. गणपतीचे दोन डोळे, आप्पांच्या हातासारखे, वरच्या पापणीची ती ओळखीची रेघ, बुबुळं, सगळं. तीच दिव्याची कृती घातलेले जंतू तारेच्या टोकावर घेऊन साडूंनी ते डोळे काढले होते. काढताना काहीच दिसत नाही, अंदाजाने हात चालवायचा, आणि रात्रभरात ते वाढले की दिसतं, हे मला नंतर कळलं. बायको पाठीमागे रडत होती. आप्पांनी बशी दोन्ही हातांत घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली.

आखणी साधली की म्हणत तेच म्हणाले, "नजर बसलीय." आणि मग, "पण डावा डोळा काढायचा राह्यला रं."

मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. दोन्ही डोळे होते. लख्ख होते. "अहो आप्पा, आहे की..." एवढं मी बोललो असेन नसेन, साडूंचा पाय माझ्या पायावर पडला. जोरात. ज्या माणसाने एका शेतकऱ्याला समजावण्यासाठी निडीला गाडी सोडली, ज्याने साखरपुड्यात दातांचा खुलासा केला, तो माझा साडू अंधारात म्हणाला, "हो आप्पा. राहिला."

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "पुढल्या खेपेला काढ. येशील ना?"

"येईन."

"ह्याचं आता काय करायचं?"

"आज नेऊन नष्ट करावं लागतं. नियम आहे."

"म्हंजे विसर्जनच की," असं म्हणून आप्पांनी बशी कपाळाला लावली आणि मुलाच्या हातात दिली.

वाटीची बांगडी झाली, आणि पावसाळ्याच्या आधी तीही मिटली. पुढे आप्पा कारखान्याच्या दारात बसायचे. कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर सरळ सांगायचे, "चिठ्ठ्या बांधतो. उजेडाच्या. मागनं, सुतळी लांब सोडून." मी दहा वर्षं ऐकून जे मला सांगता येत नाही ते असं. साडूंचं ते काम पुढे छापून आलं, आणि त्याच्या शेवटी पेणच्या एका मूर्तिकाराचे, म्हणजे आप्पांचे, आभार मानले आहेत. माझ्या खळीचा उल्लेख कुठेच नाही. असो.

पण एक गोष्ट मला आजवर कळलेली नाही. आप्पांना तो डावा डोळा खरंच दिसला नाही, की दिसूनही मुलाने परत यावं म्हणून त्यांनी तो राहिला म्हटलं? साडूंना मी एकदा विचारलं. सगळ्या जगाला सगळं समजावणारा हा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "मलाही नाही कळलं, साडूभाऊ." आप्पा आता नाहीत. साडू अजूनही हंगामात महिनाभर रजा काढून पेणला येतात आणि आप्पांच्या जागेवर बसतात. बाकी सगळे कारागीर आधी उजवा डोळा काढतात. साडू डावा आधी काढतात.